हळदीला काय विचारायचं?

मी लालबाग सोडलं त्या दुपारी टॅक्सी खाली गल्लीत येऊन उभी होती आणि बाबा माझी मोठी बॅग पुन्हा उघडून बसले होते. त्यांना एक पुडी आत सरकवायची होती. सांगलीची हळकुंडं त्यांनी स्वतः निवडून, उन्हात तापवून, स्वतःच्या हातानं कुटली होती. दोन पिशव्यांत घालून वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. मी म्हटलं, "बाबा, ऑस्ट्रेलियात हे चालत नाही. विमानतळावर काढून घेतात."

ते खोटं होतं. मी नियम वाचला होता. कुटलेली हळद नेता येते, फक्त एका फॉर्मवर आपल्याकडे मसाले आहेत अशी खूण करायची आणि अधिकाऱ्यानं मागितली तर दाखवायची. मला ती खूण करायची नव्हती आणि नव्या कपड्यांना हळदीचा वास लागायला नको होता. बाबांनी उलटून एक शब्द विचारला नाही. "नाय चालत तर कशाक उगीच," म्हणाले, पुडी काढून घेतली आणि बॅगेची चेन लावून दिली. टॅक्सी हिंदमाताला पोचेपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. जे मागे राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे निघून गेले आणि तिथून घरच्यांना शहाणपण शिकवू लागले त्यांच्यासाठी. यात माझी बढाई मारावी असं काही नाही.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होते. त्यानंतर ते आमच्याच भागातल्या मसाल्याच्या गल्लीत डंखावर लागले. डंख म्हणजे मिरची, धणे, हळद कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं खलात दिवसभर आपटत राहतात. उन्हाळा आला की गिरगाव, दादर, पार कल्याणहून बायका भाजलेल्या मसाल्याच्या पिशव्या घेऊन यायच्या आणि आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभ्या राहायच्या. बाबांवर मात्र त्यांचा विश्वास होता. "भाऊ, हळद किती टाकू?" असं त्या विचारायच्या आणि बाबा आकडा न सांगता बोटांनी दाखवायचे. कोणी जास्त ओतायला गेली की म्हणायचे, "बाय माझे, हळद वायच कमीच बरी. मागाहून कडू झाला तर माका बोल लावू नको."

त्यांची नखं, कॉलर, कानामागची घडी, सगळं पिवळं असायचं. आंघोळीनं मिरचीची खाज जायची, हळद जायची नाही. शाळेत पालकसभा असली की मी आईला एकटीलाच यायला सांगायचे. बाईंना सांगायचे, बाबांना सुट्टी मिळत नाही. डंखावर सोमवारी सुट्टी असे आणि आमच्या पालकसभाही सोमवारीच असत. बाबा त्या दिवशी घरी बसून पेपर वाचायचे.

मेलबर्नला मी कोर्स करायला गेले आणि तिथलीच झाले. सुरुवातीला एका कॅफेत काम केलं. तिथे पहिल्यांदा पाहिलं, घसा बसला की आई नाक दाबून पाजायची ते हळदीचं दूध लोक रांग लावून घेत होते. वर फेस, त्यावर दालचिनीची पूड. मला हसू आलं, थोडा अभिमानही वाटला. पुढे मी एका हेल्थ शॉपमध्ये लागले. तिथे हळदीला अख्खं कपाट होतं. कॅप्सूल, गोळ्या, थेंब. आम्हाला ट्रेनिंग दिलं गेलं. हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन. दाह कमी करायला त्याचा उपयोग होऊ शकतो, गुडघेदुखीत काहींना आराम पडतो, पचनाला बरं असू शकतं, संशोधन अजून चालू आहे. "होऊ शकतो" आणि "चालू आहे" हे शब्द गाळायचे नाहीत, असं आमच्या मॅनेजरनं बजावलं होतं.

मी दुकानात चांगली रमले. मॅनेजर मला मुद्दाम त्या कपाटापाशी उभं करायची. मीही ग्राहकांना हसून सांगायचे, माय फादर वॉज इन द टर्मरिक ट्रेड. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठे मळे वगैरे यायचे. मी ते येऊ द्यायचे. ज्या माणसाला मी शाळेच्या दारात येऊ दिलं नाही, त्याला परदेशातल्या दुकानात शोभेला मांडून ठेवलं.

बाटली हातात देण्याआधी आम्हाला चार प्रश्न विचारावेच लागायचे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पित्ताशयात खडे? लिव्हरचा त्रास? लवकरच एखादं ऑपरेशन? कारण कॅप्सूलमधली हळद म्हणजे आमटीतली चिमूट नव्हे. तिच्यातला अर्क काढून एकवटलेला असतो आणि तो अंगात नीट शोषला जावा म्हणून वर मिरीचा अर्क घातलेला असतो. चारांतल्या एकालाही "हो" उत्तर आलं तर बाटली परत कपाटात, आणि "आधी डॉक्टरांना विचारा" असं सांगायचं. मी हे इतक्या वेळा विचारलं आहे की झोपेतही विचारेन.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाची झडप बदलली. परळच्या एका इस्पितळात ऑपरेशन झालं. माझे मेलबर्नला कायम राहण्याचे कागद व्हायचे होते, म्हणून मी आले नाही. प्रशांत, माझा धाकटा भाऊ, सगळं एकट्यानं निभावत होता. नवी झडप धातूची आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर चालू राहणार, दर महिन्याला रक्त तपासायचं, हे त्यानं मला सविस्तर सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गेल्या डिसेंबरात मी घरी आले ती आठ बाटल्या घेऊन. आमच्या चाळीत परदेशातून आलेली वस्तू मजल्यावर वाटली जाते, ती रीतच आहे. पूर्वी आखातातून साबण आणि सेंट यायचे. मी हळद आणली. लालबागमध्ये, मसाल्याच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, मी मेलबर्नहून हळद आणली आणि कोणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. सगळे गॅलरीत जमले. मी बाटली हातात धरून सांगायला लागले, दाह, सांधे, शोषण. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणजे काय ते त्या संध्याकाळी आमच्या गॅलरीत बघायला मिळालं असतं. शेजारच्या राऊळकाकू विचारत होत्या, जेवणाआधी की नंतर. बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसून माझं बोलणं मन लावून ऐकत होते. आयुष्यात हळद पहिल्यांदाच बघत असावेत असे.

"होऊ शकतो" हे शब्द मी त्या दिवशी गाळले. चार प्रश्नही विचारले नाहीत.

आईनं मात्र विचारलं. ती आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आली होती. म्हणाली, "वैशू, यांची ती रक्ताची गोळी चालू आहे ना? डॉक्टरांना एकदा विचारूया का गं?"

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, हळदीला काय विचारायचं डॉक्टरांना? आयुष्य हळदीत गेलं बाबांचं."

लोक हसले. आईही ओशाळून हसली आणि बश्या वाटायला लागली. मी असं का बोलले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्रश्न बरोबर होता हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण तो माझ्या आईनं विचारला होता, सातवीनंतर शाळा सुटलेल्या माझ्या आईनं, आणि माझी बाटली हातात घेऊन उभ्या असलेल्या सात घरांसमोर. मला खाली बघायचं नव्हतं. बाबांनी झाकण उघडलं, एक कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर घेतली. म्हणाले, "वासच येत नाय गो हेका."

मार्चमध्ये त्यांच्या मांडीवर काळानिळा डाग आला. कुठे आपटलं नसताना. मग ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी जिन्यात चक्कर येऊन बसले, शौचाला काळं झालेलं आईनं पाहिलं आणि प्रशांतनं त्यांना उचलून इस्पितळात नेलं. मी दुकानात होते. त्याचा फोन आला, "ताई, बाबांना ॲडमिट केलंय. पोटात ब्लीडिंग आहे. डॉक्टर राउंडला येतायत, तू व्हिडिओवर राहा, तुला कळतं त्यातलं."

मला कळतं त्यातलं. मी स्टोअररूममध्ये जाऊन खोक्यांवर बसले. फोनच्या पडद्यावर बाबांचा चेहरा उशीच्या रंगाचा झाला होता. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत बोलत होत्या. रक्त हवं त्यापेक्षा फार पातळ झालंय म्हणाल्या. गोळीचा डोस तर बदललेला नाही. मग त्यांनी विचारलं, "काका, अजून काही घेत होता का? आयुर्वेदिक, काढे, बाहेरून आणलेलं काही?"

बाबा म्हणाले, "नाय."

आईनंही बाबांकडे बघून नाही अशी मान हलवली. प्रशांतला त्या कॅप्सूलचं काही माहीत नव्हतं, तो दिवसभर बाहेर असतो. डॉक्टरांनी फोनकडे बघितलं. "तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी हलले नाही. पापणीही लवू दिली नाही. नेट गेलंय, चित्र गोठलंय असं त्यांना वाटावं म्हणून मी तशीच बसून राहिले. प्रशांत म्हणाला, "गेली वाटतं लाइन," आणि फोन बंद झाला.

यानंतर मी त्याहून वाईट केलं. आईला फोन लावला आणि सांगितलं, कपाटातली बाटली टाकून दे, कचऱ्याची गाडी येते तिच्यात टाक, प्रशांतला काही बोलू नको. ती फक्त "बरं" म्हणाली. इस्पितळातून ती घरी गेली ते बाबांसाठी पेज करायला. पेज शिजत असताना तिनं बाटली कागदात गुंडाळून गाडीत टाकली. माझा गुन्हा लपवायला मी तिला लावलं आणि तिनं मला कारण विचारलं नाही. आईनं विचारायचं मी डिसेंबरातच बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशीही बाबांचं रक्त जागेवर येत नव्हतं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. प्रशांतनं लिहिलं होतं की डॉक्टरांना कारण सापडत नाहीये, आता पोटात दुर्बीण घालून बघणार आहेत. मी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर उभी होते, त्यांना गुडघ्यासाठी काहीतरी हवं होतं. पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. ते गृहस्थ बिचारे घाबरले, मला खुर्ची दिली. तिथूनच मी प्रशांतला फोन केला आणि म्हटलं, डॉक्टरांना दे.

मी सगळं सांगितलं. किती ताकदीची, रोज किती, कधीपासून, मिरीचा अर्क किती. लेबल मला पाठ होतं. डॉक्टर लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आपण काय काम करता?"

"हेल्थ शॉपमध्ये आहे. हे विकायचंच काम करते."

मला वाटलं आता त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "फक्त यानंच झालं असं म्हणता येणार नाही. पण यानं भर घातली असणार. बरं झालं सांगितलंत, आता आम्हाला पुढचं ठरवता येईल." फोन प्रशांतकडे गेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "ताई, काल तुझी लाइन गेली नव्हती ना?"

"नव्हती."

चार दिवसांनी मी लालबागला पोचले तेव्हा बाबा घरी आले होते. शर्टात दोन माणसं मावतील इतके वाळले होते. प्रशांत माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मी पहिल्याच सकाळी राहिलेल्या बाटल्या परत घ्यायला निघाले. वाटताना गॅलरीत सगळे आपणहून जमले होते. आता मला एकेका दारात उभं राहून सांगावं लागलं, की मी जे बोलले ते अर्धवट होतं, बाबांचं असं असं झालं, तुमच्याकडे कोणाला अशी गोळी चालू असेल, लिव्हरचं काही असेल, तर हे घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घाडीकाकांनी बाटली पाहुण्यांना दाखवायला शोकेसमध्ये ठेवली होती, सील तसंच. एकांनी ती माझगावला बहिणीकडे पाठवली होती. मी तिथेही जाऊन आले. राऊळकाकूंना कॅप्सूल गिळता येईना म्हणून त्या फोडून माशाच्या आमटीत घालत होत्या. म्हणाल्या, "चव काय ती नाय गो वैशाली. तुझ्या बापसाच्या हळदीची सर नाय. पण तू आणलंस, मग घालायची."

एकाही घरानं मला बोल लावला नाही. चहा दिला, तब्येत विचारली. मला वाटत होतं कोणीतरी चार शब्द सुनवावेत. आमच्या चाळीत नळावरून आठ-आठ दिवस अबोला धरणारी माणसं आहेत. माझ्यावर मात्र रागवायला कोणी तयार नव्हतं.

दुपारी बाबा पलंगावर टेकून बसले होते. मी त्यांच्या पायांशी बसले आणि विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"हळद ती. हळदीक कोण औषध म्हणता?" मग म्हणाले, "माका ठावक होता. झडपेच्या टायमाक डाक्टरांनी सांगितलेला, इचारल्याशिवाय कायव घेव नको. पण चेडवान इतक्या लांबसून आणल्यान. ता कसा टाकू?"

मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्यामुळे जास्तच रडू आलं. ज्यांनी मला दुखवायचं नाही म्हणून स्वतःच्या पोटात रक्त होऊ दिलं, त्यांच्यासमोर माफी मागायलाही माझी जीभ वळत नव्हती. तरी मागितली. आईची त्याच खोलीत, बाबांदेखत, वेगळी मागितली, डिसेंबरातल्या त्या वाक्याची. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण म्हटलं, ही तिकडची, हिला जास्त कळत असेल."

ही तिकडची. आपण निघून जातो तेव्हा घरचे आपल्यासाठी रडतात, पुड्या बांधून देतात, सगळं करतात, आणि त्या सगळ्यात एक गोष्ट गुपचूप बंद करतात. आपल्याला नाही म्हणणं. पाहुण्याला कोण नाही म्हणतं? आपल्याला तो मान वाटतो. आपण उंटावरून शेळ्या हाकत राहतो आणि खाली सगळे मान डोलावतात. तुम्ही जे गेलात, तुमच्या घरी शेवटचं कोणी तुम्हाला "गप्प बस, तुला कळत नाही" असं म्हटलं ते आठवून बघा. आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला हात जोडून सांगते, आमच्या बाटल्या घेऊ नका. निदान विचारा. आम्ही चिडलो तरी विचारा.

निघताना मी बाबांना हेच सांगितलं. म्हटलं, माझं ऐकायचं नाही, पहिलं डॉक्टरांचं. ते "बरा" म्हणाले. मला ठाऊक होतं, तेही मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले.

मी अजून त्याच दुकानात आहे. हळदीचं कपाटही आहे. काही लोकांना त्याचा उपयोग होतो आणि मी ते खोटं म्हणणार नाही. बाबा इन द ट्रेड होते असं मात्र आता सांगत नाही. कोणी विचारलंच तर सांगते, ते हळद कुटायचे, आणि कमी घाला म्हणायचे.

गेल्या रविवारी फोनवर बोलत होतो. बाबांचं वजन थोडं वाढलंय, दादरपर्यंत जाऊन आले होते. बोलता बोलता, खोड ती जाते कुठे, माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, ग्रीन टी चालू करा ना. हृदयाला चांगला असतो. प्रशांतला आणायला सांगते."

पलीकडे आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. मग बाबा म्हणाले, "नाय. तू सांगतंस म्हणान नाय घेवचंय. आधी डाक्टरांका इचारतंय."

मला सपकन लागलं. उलट उत्तर अगदी ओठावर आलं. आणि मग लक्षात आलं की निघाल्यापासून इतक्या वर्षांत त्या खोलीतून मला कोणी पहिल्यांदाच 'नाय' म्हणत होतं. घर कुठे आहे असं आता मला कोणी विचारलं तर मी त्या खोलीचाच पत्ता देईन. मी म्हटलं, "बरं, बाबा."

"आणि ऐक," ते म्हणाले, "माका इचारल्याशिवाय प्रशांताक पण काय सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हटलं.